लिडियाचं लग्न ग्रेटना ग्रीनला झालं नव्हतं

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’बद्दल (१८१३) एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: बेनेट कुटुंबातल्या पाच बहिणींपैकी धाकटी लिडिया, विकहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीन गावी पळून गेली आणि तिथे प्रेमविवाह केला. कादंबरीत असं घडत नाही.

ग्रेटना ग्रीनचा उल्लेख आहे, पण तो लिडियाच्या चिठ्ठीत. आपण तिकडे निघालोय, असं ती हसत-खिदळत लिहिते आणि त्याच चिठ्ठीत फाटलेला मलमलचा झगा शिवून ठेवायचा निरोपही देते. स्कॉटलंडमध्ये एकविसाच्या आतल्या मुलीला आई-वडिलांच्या संमतीशिवाय लग्न करता येत असे, म्हणून ते गाव. प्रत्यक्षात दोघं लंडनच्या पुढे गेलेच नाहीत. लग्न न करताच तिथे लपून राहिले.

विकहॅमला लग्न करायचंच नव्हतं. घेणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवत तो पळाला होता, आणि दुसरीकडे एखादी पैसेवाली मुलगी गाठायची आशाही त्याने सोडली नव्हती. कादंबरीचा नायक डार्सी याने त्याचं हजार पौंडांहून जास्त कर्ज फेडलं, लिडियाच्या नावे आणखी हजार लावले, त्याला सैन्यात पद घेऊन दिलं, तेव्हा कुठे लंडनच्याच एका चर्चमध्ये लग्न लागलं.

लिडिया तेव्हा जेमतेम सोळाची. याला धाडसी प्रेमकथा म्हणणं मला फार खटकतं. तिच्या चार अविवाहित बहिणींची स्थळं तिच्यामुळे बुडणार, हे नात्यातला पाद्री कॉलिन्स पत्रातून बापाला सुनावतो. विकहॅमला मात्र सैन्यात नवं पदच मिळतं.