उरलेल्या अन्नाने भूक भागत नाही

लग्नसराई आली की महाराष्ट्रात दोन सूचना हटकून कानावर येतात. एक, मांडवात केवढं अन्न वाया जातं, तेव्हा अमेरिकेसारख्या फूड बँका काढा आणि उरलेलं गरिबांपर्यंत पोहोचवा. दुसरी, रेशनचं फुकट धान्य बंद करा, त्यापायी शेतावर मजूर मिळेनासे झालेत. पुष्कळदा दोन्ही सूचना एकाच माणसाच्या असतात. अमेरिकेतली व्यवस्था कशी चालते आणि कुठे अडते हे जवळून पाहिलं, तर या दोन्ही सूचना मागे घ्याव्या लागतात.

अमेरिकेचं कृषी खातं १९९५पासून दरवर्षी हजारो घरांना भुकेबद्दल प्रश्न विचारत असे. मुलं असलेल्या घरांना १८ प्रश्न, नसलेल्यांना १०. पुढचे पैसे हाती येण्याआधी अन्न संपेल अशी काळजी वाटली का? पैसे नाहीत म्हणून कमी जेवलात का? दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं का? तीन किंवा जास्त प्रश्नांना होकार आला की ते घर अन्नाच्या बाबतीत असुरक्षित धरत. २०२३मध्ये अशी घरं १३.५ टक्के होती. म्हणजे १ कोटी ८० लाख घरं, आणि त्यांत राहणारी माणसं ४ कोटी ७० लाखांच्या वर.

ही माणसं रस्त्यावर दिसत नाहीत. त्यांच्याकडे गाडी असते, कारण गाडीशिवाय कामावर जाता येत नाही. फोन असतो, कारण कामाची पाळी कधी लागली ते फोनवरच कळतं. घरभाडं, वीज आणि गाडीचा विमा यांतला एक डॉलरही कमी होत नाही. कात्री लावता येते ती फक्त किराण्याला. आधी आई जेवण टाळते, मग बाप, मुलांचं ताट शेवटी आखडतं. पोट भरायचं आणि पैसे कमी, म्हणून स्वस्त पाव, नूडल्स, साखरेची पेयं येतात. त्यामुळे उपासमार आणि लठ्ठपणा एकाच घरात, कधी एकाच माणसात सापडतात. आपल्या डोळ्यांना खपाटीला गेलेलं पोट ओळखायची सवय आहे, ही भूक त्यातून निसटते.

त्याच खात्याचा दुसरा अंदाज असा, की देशातल्या एकूण अन्नातलं ३० ते ४० टक्के वाया जातं. २०१०च्या हिशेबानुसार किरकोळ दुकानं आणि घरं मिळून वर्षाला सुमारे ६ कोटी टन अन्न, किंमत १६१ अब्ज डॉलर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटणारच, इकडचं उचला आणि तिकडे द्या. पण याची परीक्षा अमेरिकेत नकळत झालेली आहे.

२०२१मध्ये असुरक्षित घरांचं प्रमाण १०.२ टक्के होतं. त्या वर्षी नासाडी काही निम्मी झाली नव्हती. झालं होतं ते असं: जुलै ते डिसेंबर सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे बहुतेक घरांना महिन्याला ३०० डॉलर आणि त्याहून मोठ्या मुलामागे २५० डॉलर मिळाले, अन्नसाहाय्याच्या कार्डावरची रक्कम वाढवलेली होती, आणि शाळेतलं जेवण सगळ्यांना मोफत होतं. पुढे हे एकेक बंद झालं. सर्व मदत धरून मोजलेलं बालदारिद्र्य २०२१मध्ये ५.२ टक्के होतं, ते २०२२मध्ये १२.४ टक्के झालं, आणि अन्न-असुरक्षितता १२.८ टक्क्यांवर गेली. दुकानं तीच, कचऱ्याचे डबे तेच. घरात येणारा पैसा तेवढा बदलला.

हे अन्नसाहाय्याचं कार्ड म्हणजे ‘स्नॅप’. २०२४मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोक ते वापरत होते. ऑक्टोबर २०२५पासून चौघांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त ९९४ डॉलर मिळतात, तेही उत्पन्न जवळजवळ शून्य असेल तर. वजावटीनंतर उरलेल्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग तुम्ही अन्नावर खर्च करालच असं गृहीत धरून तेवढी रक्कम कापतात. सरासरी काढली तर माणशी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास पडतात. पैसे महिन्यातून एकदाच जमा होतात आणि बहुतेक घरांत तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपतात.

कार्डाचे नियम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतील, पण माणूस नेमका तिथेच अडतो. गरम अन्न घेता येत नाही. दुकानातली भाजलेली कोंबडी गरम असेल तर कार्ड चालत नाही, तीच थंड करून ठेवली की चालतं. भाड्याचं घर सुटल्यामुळे मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे शेगडी नसते, फार तर मायक्रोवेव्ह असतो. त्यांनी कच्चा राजमा घेऊन काय करायचं? साबण, बाळाचे लंगोट, सॅनिटरी पॅड कार्डावर मिळत नाहीत. बहुतेक राज्यांत कार्डाला अजून चिप नाही, नुसती चुंबकी पट्टी आहे. दुकानातल्या यंत्रावर चोरटं उपकरण बसवून ती पट्टी वाचली जाते आणि पैसे जमा झाल्या रात्रीच खातं रिकामं होतं. अशी चोरी भरून देण्याची केंद्राची तरतूद डिसेंबर २०२४मध्ये संपली.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. हे कार्ड बहुतेक साध्या किराणा दुकानांत चालतं, आणि डाळ घ्यायची की अंडी हे घेणारा ठरवतो. रेशन दुकानात गहू-तांदूळ सोडून निवड नसते. या बाबतीत अमेरिकेची पद्धत सरस आहे.

आता फूड बँका. १९६७मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये पहिली सुरू केली. आज देशभरच्या जाळ्यात सुमारे २०० मोठ्या फूड बँका आणि त्यांच्याकडून माल नेऊन वाटणारी ६० हजारांच्या आसपास छोटी केंद्रं आहेत. हजारो लोक तिथे मनापासून राबतात आणि त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण या साखळीत येतं काय ते पाहा. दुकानाला जे नको असतं ते येतं. सुपरमार्केट रात्री दुकान बंद होईपर्यंत पावाचं शेल्फ भरलेलं ठेवतं, कारण अर्धं रिकामं शेल्फ पाहून गिऱ्हाईक मागे फिरतं. त्यामुळे वाटप केंद्रांत पाव, केक, डोनट यांचा ढीग असतो, आणि दूध, अंडी, प्रथिनं असलेले पदार्थ यांची कायम टंचाई. पूर्वी केंद्रीय कार्यालय देणगीचा माल क्रमाने फूड बँकांना देऊ करत असे, मग बटाटे पिकवणाऱ्या आयडाहोलाच बटाटे जात. २००५मध्ये शिकागोच्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने लिलावाची पद्धत आली. फूड बँकांना लिलावापुरत्या काल्पनिक चलनात पैसे देतात आणि त्या बोली लावतात. लगेच दिसलं की न्याहारीच्या सीरियलसारखा टिकाऊ माल महाग जातो, आणि नाशिवंत भाजी घ्यावी म्हणून कधी कधी फूड बँकेलाच उलट पैसे द्यावे लागतात.

भाजी नको असते असं नाही. ती आणायला शीतगाडी लागते, ठेवायला शीतखोली लागते आणि दोन दिवसांत वाटायला माणसं लागतात. चर्चच्या तळघरातलं केंद्र आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी उघडणार, तेव्हा गिऱ्हाईक कामावर असतं. डबाबंद अन्न द्यायचं तर ओढून उघडणाऱ्या झाकणाचं द्यावं लागतं, कारण बेघर माणसाकडे डबा उघडायचं साधन नसतं. फूड बँकांच्या जाळ्याचाच हिशेब सांगतो की त्यांनी दिलेल्या एका जेवणामागे स्नॅप नऊ जेवणं देतं. नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारी कामकाज ठप्प होऊन कार्डावरचे पैसे अडकले तेव्हा वाटप केंद्रांपुढच्या रांगा देशभर वाढल्या, आणि ती तूट भरून काढणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने स्नॅपमधून दहा वर्षांत १८० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कापली आहे. एवढी पोकळी डोनटांनी भरणार नाही.

नासाडीची कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पाकिटावरच्या तारखा घ्या. बाळाच्या दूध पावडरीखेरीज कुठल्याही पदार्थावर तारीख छापण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. बाकी बहुतेक तारखा उत्पादक स्वतः ठरवतो, आणि त्या चव-ताजेपणाच्या असतात. ‘या तारखेपर्यंत विका’ ही सूचना दुकानदारासाठी असते. घरी ती वाचून चांगलं दूध मोरीत ओततात. अंडी फ्रिजमध्ये तीन ते पाच आठवडे सहज टिकतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२६पासून ‘विका’ची तारीख ग्राहकाला दिसेल अशी छापायला बंदी करणारा कायदा २०२४मध्येच केला. हा खरा नासाडीवरचा उपाय, आणि तो गरिबाच्या नावाने करावा लागत नाही. अमेरिकेच्या कचरा डेपोंतून निघणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के वाया गेलेल्या अन्नाचा आहे, असं तिथल्या पर्यावरण खात्याचं अनुमान आहे. तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि आपण फार वेगळे आहोत असंही समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात घरगुती नासाडी अमेरिकेत माणशी वर्षाला ७३ किलो आणि भारतात ५५ किलो धरली आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना गणपतीत उरलेला महाप्रसाद वाया जाऊ द्यायचा नसेल, तर काम आदल्या आठवड्यात सुरू होतं. वाटप केंद्रांना शिजवलेलं अन्न चालत नाही, त्यांच्याकडे ते गरम ठेवायची सोय नसते. जेवण वाढणारी निवारागृहं ते घेतात, पण आधी ठरवून. घरी रांधलेलं बहुतेक ठिकाणी नाकारतात, परवानाधारक केटररचं घेतात. वाढायच्या टेबलावर ठेवलेलं पातेलं द्यायचं नाही, न उघडलेला ट्रेच द्यायचा. गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं. थंड करून द्यायचं असेल तर पाच सेंटीमीटरहून उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत आणायचं. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. भातातले जिवाणू शिजवूनही बीजाणूरूपात उरतात आणि त्या कोमट भातात विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. ट्रेवर घटक लिहायचे: दूध, काजू, शेंगदाण्याचं कूट, तीळ, गहू. हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, ते हमखास विसरतं. १९९६चा केंद्रीय कायदा सद्भावनेने अन्न देणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण देतो, त्यामुळे कायद्याच्या भीतीने अन्न फेकायचं कारण नाही. पण खरं सांगायचं तर नावनोंदणी मोजून घेणं जास्त उपयोगी. पुऱ्या आणि गोडधोड असेल तर एक किलो तांदूळ बारा ते पंधरा जणांना पुरतो. आणि मदतच करायची असेल तर फूड बँकेला रोख द्यावी. ती घाऊक भावात दूध-अंडी विकत घेते.

मुलांच्या जेवणाबाबत मात्र अमेरिकेकडून शिकावं ते काय करू नये हेच. केंद्रीय नियमानुसार दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर शाळेत जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत ४० सेंट, त्यापुढे पूर्ण दर. फॉर्म भरायचा राहिला किंवा पगार किंचित वाढला की मुलाच्या नावावर उधारी चढते. जानेवारी २०१४मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका प्राथमिक शाळेत उधारी असलेल्या तीस-चाळीस मुलांच्या हातातली ताटं गल्ल्यापाशी काढून घेतली, आणि एकदा वाढलेलं अन्न दुसऱ्याला देता येत नाही म्हणून कचऱ्यात टाकली. भूक आणि नासाडी एकाच क्षणी, एकाच नियमाने. २०१७मध्ये न्यू मेक्सिकोने अशा मानहानीवर बंदी घातली. २०२२पासून कॅलिफोर्निया आणि मेन, आणि नंतर आणखी काही राज्यांनी सगळ्याच मुलांना मोफत जेवण सुरू केलं. जिथे तसं नाही तिथे दयाळू माणसं देणग्या गोळा करून मुलांची उधारी फेडतात.

म्हणून जानेवारी २०२५चा महाराष्ट्र सरकारचा निर्णय मनाला इतका लागला. शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठी राज्याचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत असं सांगितलं. आपल्याकडे सरकारी शाळेत पहिली ते आठवीच्या मुलाला उत्पन्न न विचारता गरम जेवण मिळतं. अमेरिकेतली राज्यं जिथे आत्ता पोहोचताहेत, तिथे आपण आधीपासून उभे आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. अशा राज्यात शाळेत जाऊ लागलेल्या मुलाच्या अंड्यासाठी वर्गणी मागणं ही अमेरिकेची सर्वांत वाईट सवय उचलणं आहे.

मोजणीचंही तेच. जागतिक भूक निर्देशांक जाहीर झाला की आपल्याकडे त्याच्या पद्धतीवर वाद होतो, आणि काही आक्षेप रास्त आहेत. चारपैकी तीन निकष मुलांबद्दलचे आहेत. पण २०१७-१८चं उपभोग खर्चाचं आपलं स्वतःचं सर्वेक्षण सरकारने प्रसिद्धच केलं नाही. तिकडे सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने वर सांगितलेली भुकेची वार्षिक पाहणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे स्नॅपमधल्या कपातीचा परिणाम त्या १८ प्रश्नांतून आता कळणार नाही.

आपल्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य हा हक्क केला आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं खूप आहे. लाभार्थ्यांची संख्या अजून २०११च्या जनगणनेवर ठरलेली आहे, त्यामुळे नंतर जन्मलेली आणि शहरात आलेली कुटुंबं यादीबाहेर आहेत. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर उमटत नाही आणि म्हातारी रिकाम्या पिशवीने परतते. धान्यासोबत तूरडाळ आणि तेल नियमित मिळायला हवं. ‘फुकटचं बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आपली ऊर्जा या तीन मागण्यांसाठी वापरली तर लग्नाच्या मांडवातून कितीही पातेली उचलली तरी जे होणार नाही ते होईल. मांडवातल्या नासाडीसाठी केटररशी करार करताना ताटांची संख्या चार दिवस आधी पक्की करा आणि पदार्थ बावीसवरून दहावर आणा.