‘सगळ्याच मांजरांत व्हायरस असतो, मग टेस्ट कशाला?’

गेल्या आठवड्यात एक ताई दवाखान्यात मांजर घेऊन आल्या. दीड वर्षाचा बोका, खाणं सुटलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. मी एफईएलव्हीची, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमिया व्हायरसची टेस्ट करू म्हटलं, तर त्यांनी मोबाइलवरचा मेसेज पुढे केला. सध्या बऱ्याच जणांकडे फिरतोय. त्यातला मजकूर असा: माणसाचा ८ टक्के डीएनए व्हायरसचा आहे, रेट्रोव्हायरस प्रत्येक प्राण्यात जन्मापासून असतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्हच येते, ते झोपलेले आहेत, कधीही जागे होतील, आणि चिकन-अंड्यांतून ते आपल्या डीएनएत शिरून पुढच्या पिढ्यांत जातात.

८ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. २००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तो माहीत आहे. गडबड त्याच्या पुढे सुरू होते.

‘टेस्ट पॉझिटिव्हच येणार.’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण त्यापायी आजारी जनावराची तपासणी राहते. रेट्रोव्हायरस पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएत घुसवतो. हे रक्तपेशीत घडलं तर ते त्या जनावराबरोबर संपतं. क्वचित कधीतरी ते बीजपेशीत, म्हणजे अंडपेशीत किंवा शुक्राणूत घडतं, त्यातून पिल्लू जन्मतं, आणि मग ती प्रत डोळ्यांच्या रंगासारखी आईबापांकडून वारशाने येते. पहिला बहिर्जात, म्हणजे बाहेरून लागलेला; दुसरा अंतर्जात, म्हणजे वारशाने आलेला. मांजरांत दोन्ही आहेत. घरच्या मांजरीच्या आणि तिच्या जवळच्या रानमांजरांच्या डीएनएत एफईएलव्हीच्या जुन्या भाऊबंदांच्या प्रती आहेत. वाघ-बिबट्यांत त्या नाहीत. या प्रती तुटक्या आहेत. दवाखान्यातली किट रक्तातलं पी२७ नावाचं प्रथिन शोधते. ते लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीत खाण्यातून लागलेल्या व्हायरसचं असतं. वारशाने आलेल्या प्रतींमुळे किटवर रेघ उमटत नाही. पीसीआर करतानाही डीएनएचा असा तुकडा निवडतात, जो फक्त बाहेरून आलेल्या व्हायरसमध्ये असतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बाहेरचा व्हायरस मांजरात शिरला की त्याची कधीकधी या जुन्या प्रतींशी सरमिसळ होते आणि त्यातून एफईएलव्ही-बी हा उपप्रकार तयार होतो. पण त्यासाठी आधी संसर्ग व्हावा लागतो. म्हणजे टेस्ट आणखीच महत्त्वाची.

‘झोपलेले आहेत, जागे होतील.’ प्रयोगशाळेतल्या एकेआर जातीच्या उंदरांत हे खरोखर होतं; वारशाने आलेला व्हायरस सक्रिय होतो आणि त्यांना ल्युकेमिया होतो. माणसाचं तसं नाही. आपल्यातल्या बहुतेक प्रतींची फक्त चौकट उरली आहे. व्हायरसच्या दोन्ही टोकांना सारखेच तुकडे असतात. ते एकमेकांशी जुळले की मधला सगळा भाग गळून जातो आणि एकच टोक शिल्लक राहतं. ज्या प्रती लांबीने पुऱ्या आहेत, त्यांच्यात लाखो वर्षांच्या चुका साठल्या आहेत. स्वतःहून संसर्ग करू शकेल असा एकही अंतर्जात व्हायरस माणसात सापडलेला नाही. २००६ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी असा एक व्हायरस चालू करून दाखवला, पण त्यासाठी अनेक प्रती शेजारी ठेवून मूळ मजकूर जुळवावा लागला. त्याला त्यांनी फिनिक्स नाव दिलं. काही कर्करोगांत या जनुकांची हालचाल दिसते आणि त्यावर संशोधन चालू आहे; पण एखादं जनुक चालू होणं आणि साथ पसरवणारा व्हायरस उठून बसणं यांत फार अंतर आहे.

शिवाय याच जुन्या व्हायरसांपैकी एकाच्या आवरणाचं जनुक आज आपल्या वारेत काम करतं. सिन्सिटिन त्याचं नाव. वारेतल्या पेशी एकमेकींत विरघळवून तो आई आणि गर्भ यांच्यामधला अखंड थर बनवायला मदत करतो. उंदरांतलं असंच एक जनुक बंद केलं, तेव्हा भ्रूण पोटातच मेले.

चिकन-अंड्यांचा मुद्दा लवकर आटोपतो. खाल्लेला डीएनए पोटात पचतो. व्हायरस वारशात जायचा तर त्याला जिवंत बीजपेशीपर्यंत पोहोचून आत शिरता यायला हवं. कोंबड्यांच्या ल्युकोसिस व्हायरसच्या प्रती जवळजवळ प्रत्येक कोंबडीच्या डीएनएत आहेत. आपण हजारो वर्षं कोंबड्या पाळतोय, खातोय. माणसाच्या डीएनएत त्यांचा मागमूस नाही. काळजी करण्यासारखी जागा वेगळी आहे: डुकराचा अवयव माणसात बसवणं. डुकरांचा अंतर्जात व्हायरस प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागतो, हे १९९७ मध्येच दिसलं. १९९९ मध्ये डुकराच्या ऊतींचे उपचार झालेल्या १६० रुग्णांची तपासणी झाली, कोणातही संसर्ग सापडला नाही. तरीही २०१७ मध्ये डुकराच्या पिल्लांतून या सगळ्या प्रती निकामी करून दाखवल्या गेल्या. धोका खरा असला की काम असं चालतं.

बाहेरचा व्हायरस वारशात शिरताना पाहायचा तर ऑस्ट्रेलियात बघावं. क्वीन्सलँडमधल्या जवळपास सगळ्या कोआलांच्या डीएनएत कोआला रेट्रोव्हायरस आहे; दक्षिणेकडे त्याचं प्रमाण बरंच कमी. तो वारशाने जातोय आणि संसर्गानेही पसरतोय, आणि कोआला ल्युकेमिया-लिम्फोमाने मरतायत. हे अजून चालू आहे.

ताईंना यातलं निम्मं सांगितलं आणि बोक्याचं रक्त घेतलं. दहा मिनिटांनी किटवर दुसरी रेघ उमटली, फिकट पण स्पष्ट. पीसीआरला नमुना पाठवला. घरी आणखी एक मांजर आहे, असं त्या म्हणाल्या. तिला उद्याच टेस्टसाठी आणायला सांगितलंय, आणि आजपासून दोघांची खोली, वाट्या, मातीचा ट्रे वेगळा.