सयाजीरावांच्या गावात मौलाना आझाद कशाला?

'एक बडोदेकर' यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण निम्मी आपल्या गावाच्या अभिमानातून आलेली आहे, त्यामुळे वाचताना राग काही आला नाही. मौलाना आझादांवरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप असे: शाळेची पायरी न चढलेला माणूस देशाचा शिक्षणमंत्री झाला, त्याने आयआयटी न् अकादम्या काढल्या, पण गावच्या शाळेकडे पाहिलं नाही, आणि ते काम आपल्या सयाजीराव महाराजांनी कधीच करून दाखवलं होतं, ज्या ऐक्याचे मी गोडवे गायले ते फाळणीत बुडालं, आणि काँग्रेसला मिरवायला एक मुसलमान हवा होता, एवढंच त्यांचं महत्त्व. म्हणून लेखच काढून टाका, असंही तुम्ही सुचवता.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. वडिलांनी त्यांना घरीच शिकवलं, तेही जुन्या पठडीतलं धार्मिक शिक्षण. इंग्रजी ते आपली आपण शिकले. १९१२ साली कलकत्त्यातून 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढलं तेव्हा वय तेवीस. सरकारला ते इतकं झोंबलं की दोन वर्षांत अनामत जप्त झाली, पुढे बंगालमधून हद्दपारी आणि रांचीत नजरकैद. शिवाय शाळा न पाहिलेल्याला हिणवायचं, तेही बडोद्यात? कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा खुद्द महाराजांना अक्षरओळख नव्हती!

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बडोदा राज्यातल्या अमरेलीत १८९३ पासून आणि सबंध राज्यात १९०६ पासून सक्तीचं शिक्षण, मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड, हे सगळं खरं. पण महाराजांच्या हाती तिजोरी होती, हुकूम होता, तो अमलात आणणारे अधिकारी होते. दिल्लीतल्या शिक्षणमंत्र्याकडे यातलं काय होतं? शाळा राज्यांच्या ताब्यात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत शिक्षण हा राज्यांचाच विषय होता. इंग्रजांच्या काळातल्या १९४४ च्या सार्जंट योजनेत प्रत्येक मूल शाळेत यायला ४० वर्षं धरली होती. स्वतंत्र देशाला एवढं थांबणं परवडणार नाही, ही आझादांची भूमिका. बाळासाहेब खेरांच्या समितीने ती मुदत १६ वर्षांवर आणली आणि केंद्राने उत्पन्नाचा दहावा व प्रांतांनी पाचवा हिस्सा शिक्षणाला द्यावा असं सुचवलं. तेवढा पैसा कुणी सोडला नाही. फाळणीचे निर्वासित होते, धान्याची टंचाई होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते शंभरात अठरा, दहा वर्षांनी अठ्ठावीस. सुमारे अकरा वर्षं खातं सांभाळणाऱ्या माणसाने मंत्रिमंडळात आणखी भांडायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण 'पाहिलंच नाही' हा आरोप टिकत नाही.

आणि अकादम्या म्हणजे दिल्लीकरांची चैन, हे तुम्ही फाइन आर्ट्सच्या गावात बसून म्हणता? इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे सर १९५० साली इथे शिकवायला आले. १९५५ साली त्यांच्या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ललित कला अकादमीचाच. आणि ती अकादमी स्थापन झाली १९५४ साली, आझादांच्याच कारकिर्दीत. ज्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अनुदानाकडे आपलं एम. एस. विद्यापीठ डोळे लावून बसतं, तिची सुरुवातही त्यांच्याच हातून, १९५३ ची.

आता ऐक्य. १९२३ मध्ये काँग्रेसच्या दिल्लीतल्या विशेष अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून ते म्हणाले होते की आकाशातून देवदूत कुतुबमिनारावर उतरला आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य सोडा, चोवीस तासांत स्वराज्य देतो म्हणाला, तरी मी स्वराज्य नाकारीन. स्वराज्य लांबलं तर तोटा हिंदुस्थानचा, ऐक्य गेलं तर सगळ्या माणुसकीचा. सभेत असं बोलणं सोपं असतं, हे मान्य. पण १९४० मध्ये मुस्लिम लीगने वेगळ्या देशाची मागणी केल्यानंतर तेच बोलत राहणं सोपं नव्हतं. तुम्ही जो टोमणा मारलात तो जुनाच आहे. लीगचे नेते जिना यांनी त्यांना तारेतून 'शो-बॉय' म्हटलं होतं, आणि ते लीगच्या सोयीचं होतं. तुम्हाला तो का सोयीचा वाटावा, कळत नाही. मिरवण्यापुरता माणूस जवळजवळ तीन वर्षं अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत कशाला बसेल? एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम मृत्युशय्येवर होत्या, तरी त्यांनी सरकारपुढे हात पसरला नाही. भेट झालीच नाही.

फाळणी झाली म्हणून ती नको म्हणणारा खोटा कसा ठरतो? विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं की नदीपात्रात बांधू नका म्हणणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो का? ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानला निघालेल्यांना जामा मशिदीतून 'कुठे जाता?' असं विचारायला हाच माणूस उभा होता.

लेख काढून टाकण्याची सूचना मानता येणार नाही. मात्र अमरेलीच्या प्रयोगाबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं बरंच दिसतं. लिहून पाठवा, काटछाट न करता टाकतो.