बायपास गळते म्हणून अख्खा सेट बदलू नका

आमच्या दर्यापूरकडं आता घरोघरी बोअरच्या लाइनवर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं मशीन) बसून राहिले, चांगलंच आहे, पण त्याचा बायपास, म्हणजे मशीन टाळून पाणी थेट घरात सोडणारा व्हॉल्व्ह, टपकायला लागला की मेकॅनिक येते, वरवर पाहते अन् सांगते "पूर्ण सेट बदला". मले याचा लय राग येते भाऊ, कारण बहुतेक वेळा दोष एका रबरी रिंगीचा असते.

आधी सगळं फडक्यानं कोरडं पुसा अन् एकेका जोडावर कोरडा कागद फिरवा. खाली थेंब दिसते म्हणून खालचाच जोड धरू नका, पाणी वरून ओघळत येते. हँडलच्या बुडाशी ओलं असलं तर आतलं सील गेलं, बायपास जिथं मशीनच्या डोक्यात घुसते तिथं असलं तर ओ-रिंग, म्हणजे जोडातली गोल रबरी रिंग, गेली. बॉडीलेच तडा असन तर मात्र बदलाच, पुट्टी थापून प्रेशरपुढं टिकत नाही.

खोलायच्या आधी टाकीकडचा कॉक बंद करा, मोटरची डायरेक्ट लाइन असन तर मोटर बंद, मग घरातला एक नळ सोडून प्रेशर काढा. नुसतं बायपासवर टाकून भागत नाही, पाणी त्याच्यातूनच तर जाते!

रिंग काढली की पाहा, एका बाजूनं चपटी झाली असन, अन् खाचेत पांढरा क्षार बसला असन, आपल्या पाण्यात तो बसतेच. तो पेचकसानं खरडू नका, ओरखडा पडला की नवीन रिंगही गळते, लिंबाच्या रसात फडकं भिजवून पुसा. जुनी रिंग सोबत नेऊन त्याच मापाची आणा. वरून फक्त सिलिकॉन ग्रीस, गाडीचं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावलं तर काही रबर फुगते. टेफलॉन टेप आट्यांवर लावायची, ओ-रिंगवर नाही.

अन् पाइप लोंबकळत असन तर भिंतीले क्लॅम्प मारा, नाहीतर सगळं वजन त्या जोडावर येते. गच्चीवर मशीन असन तर सावली करा, आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर जाते, उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकते.

कधी बाहेर थेंबही पडत नाही पण साबणाले फेस येत नाही, तवा मीठ अन् रेझिनच्या (मशीनमधले पाणी मऊ करणारे मणी) मागं लागण्याआधी बायपास पाहा, आतलं सील गेलं की जड पाणी मऊ पाण्याच्या लाइनीत मिसळते.

बसवणाऱ्यानं मशीनसोबत रिंगांचा एक जादा सेट द्यायलेच पाहिजे, मागून घ्या, लाजू नका. नवीन बसवून राहिले असाल तर कंपनीच्या बायपासच्या अलीकडं युनियन (खोलता येणारा जोड) लावून साध्या तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास करून घ्या, मशीन खोललं तरी घरचं पाणी चालू राहते अन् ते व्हॉल्व्ह तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरमध्ये भेटतात.