‘पाच सेटिंग बदला, कॉम्प्युटर रॉकेट’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. विंडोज म्हणे मुद्दाम तुमचं मशीन अर्ध्या ताकदीवर चालवतं, म्हणून एमएसकॉन्फिगमधे (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायचं टूल) सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चालू करा, प्रीफेच फोल्डर रिकामं करा, पेजफाइल बंद करा, मायक्रोसॉफ्टने दाबून ठेवलेला २०% नेट स्पीड सोडवा आणि वर रजिस्ट्री क्लीनर मारा. एकेक बघू.

पहिली कोअरवाली, कारण सगळ्यात जास्त घोळ हीच घालते. बूट टॅबमधे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सला गेलात की ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’समोरची टिक रिकामी दिसते आणि लोकांना वाटतं, अरे खरंच की, बंद आहे! पण रिकामी म्हणजेच आहेत तेवढे सगळे कोअर वापर. टिक करून आकडा टाकला की तुम्ही उलट मर्यादा घालताय, याच्या वर जाऊ नको म्हणून. ती सोय टेस्टिंग करणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर फरक शून्य, आणि चुकून २ निवडलात तर बाकीचे कोअर नुसते बसून. खरा धोका त्याच्या शेजारच्या ‘मॅक्सिमम मेमरी’चा, तिथे काहीतरी कमी आकडा पडला तर रॅम गायब होते नाहीतर मशीन नीट चालूच होत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरीत ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर अचानक काही जीबी दिसायला लागले असतील तर दुकानात मशीन नेण्याआधी ही टिक बघा.

प्रीफेच. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना कुठल्या फाइली लागतात त्याची नोंद विंडोज तिथे ठेवतं, २००१ च्या एक्सपीपासून, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच उचलून आणता येतात. वाण्याची महिन्याची यादी फाडून टाकली म्हणून सामान लवकर येत नाही ना, तसंच हे. जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढतं.

पेजफाइल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल. ती बंद केली की प्रोग्रॅमना मिळू शकणारी एकूण मेमरीच घटते, मग रॅम शिल्लक दिसत असताना ‘आउट ऑफ मेमरी’ येतं आणि ब्राउझरचे टॅब मरतात. शिवाय ब्लू स्क्रीन आली तर कारण शोधायला जी डंप फाइल लागते ती बनायलाही साधारणपणे पेजफाइलच हवी.

२०% वाली तर एक्सपीच्या काळातली अफवा, मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खुलासा केलेला. एखाद्या प्रोग्रॅमने खास प्राधान्य मागितलं तरच ते राखीव, एरवी सगळं नेट सगळ्यांना. आणि ज्या जीपीएडिटमधे (विंडोजची पॉलिसी सेटिंग बदलायचं टूल) जाऊन ते बदलायला सांगतात ते होम एडिशनमधे येतच नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, आणि ती साफ करणाऱ्या क्लीनरबद्दल एवढंच की मायक्रोसॉफ्ट स्वतः असली टूल वापरू नका म्हणतं.

आता एक गोष्ट मान्य, फॉरवर्डच्या शेवटी बारीक अक्षरात ‘सिसमेन बंद करा’ (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सेवा) असतं ते अगदीच फेकलेलं नाही. जुनी हार्ड डिस्क, रॅम कमी आणि डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर कधीकधी फायदा होतो. पण मग खरं दुखणं डिस्कचं आहे, एसएसडी टाकली की जो फरक पडतो तो असल्या कुठल्याच ट्रिकने पडत नाही.

काही करायचंच असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, स्टार्टअप टॅबमधे जा आणि जे रोज लागत नाही ते डिसेबल करा (अँटीव्हायरस सोडून, प्लीज). आणि मशीन विचित्र वागत असेल तर शट डाऊन नको, रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, ते चालू असेल तर शट डाऊनला सिस्टिमचा आतला भाग डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून तर रोज रात्री बंद करूनही टास्क मॅनेजरमधे ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसतो.