हँडस्ट्रॅप घेण्याआधी स्वतःचा पंजा बघा

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या गप्पांत सगळं येतं. नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नवी लेन्स, कुणी किती ऑर्डरी घेतल्या, कुणाचा अल्बम कुठे छापायला गेला. कुणाचं मनगट दुखतंय हे मात्र येत नाही. आलंच, तर एखादे सीनिअर दादा म्हणतात, "सवय होते गं." सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला फोटो काढणारी, म्हणून काम करायला लागले तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्या हातावर पोट आहे, त्या हाताला दुखण्याची सवय लावायची कशासाठी? म्हणून आज एका छोट्या वस्तूबद्दल जरा सविस्तर लिहितेय. मोठ्या कॅमेऱ्याचा हँडस्ट्रॅप.

आधी वजनाचा हिशोब मांडू. कॅननची फाइव्ह डी मार्क फोर ही बॉडी, बॅटरी आणि कार्डासकट, ८९० ग्रॅम. तिच्यावर २४-७० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती, ८०५ ग्रॅम. वर ६०० ईएक्स-आरटी फ्लॅश, ४२५ ग्रॅम, आणि फ्लॅशमधल्या चार सेलचे शंभरेक ग्रॅम. झाले सव्वादोन किलो, आणि यात बॅटरी ग्रिप, म्हणजे बॉडीच्या बुडाला लावायची जादा पकड, धरलेलीच नाही. कुणी म्हणेल, आता आत आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले, वजन कमी झालं. झालं, खरंच झालं. सोनी ए सेव्हन फोर ६५८ ग्रॅमची आहे आणि ७०-२०० जीएम लेन्सची दुसरी आवृत्ती १०४५ ग्रॅमची. तरी दोन्ही मिळून एक किलो सातशे होतातच. निकॉन झेड नाइन घेतला तर लेन्सशिवाय, बॅटरी आणि कार्डासकट बॉडीच १३४० ग्रॅम.

हे वजन हळदीपासून पाठवणीपर्यंत उजव्या हातात असतं. फोटो काढताना डावा हात लेन्सखाली येतो, तेव्हा भार वाटला जातो. खरा त्रास मधल्या वेळात होतो. मंगलाष्टकं चालू आहेत, गुरुजी कधी "सावधान" म्हणून अंतरपाट दूर करतील सांगता येत नाही, म्हणून कॅमेरा खाली ठेवता येत नाही. डाव्या हाताने एखाद्या काकांना हळूच बाजूला करायचं असतं, स्टुलाचा आधार घ्यायचा असतो. तेवढा वेळ सगळं ओझं उजव्या हाताच्या चार बोटांवर येतं. त्यात लेन्स पुढे असल्यामुळे कॅमेरा सतत पुढे झुकू बघतो आणि तो सावरायला मनगट अखंड ताणलेलं राहतं. बोटं मिटलेली, अंगठा दाबलेला, एक क्षणही ढील नाही.

हँडस्ट्रॅप इथे कामाला येतो. पट्टा पंजाच्या पाठीवरून जातो, त्यामुळे कॅमेरा तळव्याला टेकून राहतो आणि बोटं मोकळी सोडता येतात. चप्पल पायात राहते ती पट्ट्यामुळे. पट्टाच नसता तर बोटांनी धरून धरून चालावं लागलं असतं आणि पोटऱ्या भरून आल्या असत्या. आपण कॅमेरा नेमका तसा बोटांनी धरून दिवस काढतो.

व्हिडिओवाल्यांना हे कधीच कळलं होतं. खांद्यावरच्या जुन्या व्हीएचएस कॅमेऱ्यांपासून हँडीकॅमपर्यंत जवळपास प्रत्येकाला उजव्या बाजूला जाड गादीचा पट्टा कंपनीतूनच लावून यायचा, कारण तो कॅमेरा सलग धरायचा आहे हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. स्टिल कॅमेऱ्याच्या खोक्यात आजही निघतो तो गळ्यात घालायचा पट्टा, वर कंपनीचं मोठं नाव. फोटो काढायचा आणि कॅमेरा छातीवर सोडून द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पर्यटकासाठी ती ठीक आहे. कँडिड, म्हणजे पोझ न देता सहज टिपलेले फोटो, करणाऱ्याचा कॅमेरा छातीवर नसतोच, तो कायम हातात असतो. आपलं काम बदललं, खोक्यातला पट्टा तोच राहिला.

आता घ्यायचा कोणता? पहिली गोष्ट, मनगटात अडकवायची दोरी म्हणजे हँडस्ट्रॅप नव्हे. छोट्या कॅमेऱ्याला ती छान. मोठ्या कॅमेऱ्याला ती फक्त पडण्यापासून वाचवते, वजन बोटांवरच राहतं, आणि हात सुटलाच तर दोन किलोचा झटका थेट मनगटाला बसतो. मोठ्या कॅमेऱ्याला पट्टा दोन ठिकाणी बांधलेला हवा, वर उजव्या कडीला आणि खाली बुडाला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पट्टा कॅमेऱ्याला बसतो का हे सगळे बघतात, हाताला बसतो का हे फार कमी जण बघतात. माझा पंजा लहान आहे. बाजारातले बरेच पट्टे मोठ्या पंजाच्या हिशोबाने कापलेले असतात. शेवटपर्यंत आवळले तरी माझ्या हातावर सैल राहतात, आणि सैल पट्टा काहीच उपयोगाचा नाही. उलट गादी जास्त जाड असली की हात ग्रिपपासून मागे ढकलला जातो, तर्जनी शटरवर पुरत नाही आणि अंगठा फोकसच्या बटणापासून लांब राहतो. बॅक बटण फोकस, म्हणजे शटरऐवजी पाठीमागच्या बटणाने अंगठ्याने फोकस, वापरणाऱ्यांनी तर ही गोष्ट आधी तपासावी.

तपासायची कशी ते सांगते. स्वतःची बॉडी आणि नेहमीची जड लेन्स घेऊनच दुकानात जा. पट्टा लावा, आवळा, कॅमेरा निसटला तर म्हणून खाली टेबल असू द्या आणि पाचही बोटं पूर्ण उघडा. कॅमेरा तळव्याला चिकटून राहिला पाहिजे. मग शटर, पुढची चकती, फोकसचं बटण, जॉयस्टिक, सगळीकडे बोटं न ताणता पोचतात का बघा. पट्ट्याचा रुंद भाग बोटांच्या सांध्यांच्या मागे आणि मनगटाच्या हाडाच्या पुढे, म्हणजे पंजाच्या सपाट पाठीवर यायला हवा. सांध्यांवर आला तर बोटं जखडतात, मनगटावर आला तर कड रुतते. दोन मिनिटांत लगेच काढू नका. दुकानदाराशी गप्पा मारत राहा, हात खाली सोडून उभ्या राहा. शिरा फुगल्या किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तो पट्टा किंवा ती आवळण तुमची नाही. बायकांनी आणखी एक बघावं. बांगडी, कडं, अंगठी, घड्याळ यांतलं काही पट्ट्यात अडकतं का? कामाच्या दिवशी उजवा हात मोकळा ठेवलेला उत्तम.

उभ्या फ्रेमचा प्रश्न वेगळा आहे. नवरा-नवरीचे पूर्ण उंचीचे फोटो उभेच असतात. उभ्या फोटोसाठी बॅटरी ग्रिप वापरत असाल तर पंजा पट्ट्यातून काढून खालच्या ग्रिपवर न्यावा लागतो आणि परत घालावा लागतो. तेव्हा हात चटकन आत-बाहेर होतो का, हे महत्त्वाचं. इथे मला पीक डिझाइन कंपनीचा क्लच हा पट्टा आवडतो, कारण तो ओढला की आवळतो आणि सैलही पटकन होतो. पण तो पातळ आहे, गादीची मजा त्यात नाही. कॅननचा ई टू हा पट्टा जाड आणि फार आरामशीर आहे, पण त्याचं खालचं टोक अडकवायला ग्रिपची कडी लागते. ग्रिप लावतच नसाल तर त्याच्या मागे लागू नका. सतत जड बॉडी वापरणाऱ्यांनी स्पायडर कंपनीचा हँडस्ट्रॅप हातावर घालून बघावा. त्याची गादी पंजाच्या वळणाने जाते.

खालच्या बाजूला ट्रायपॉडच्या पाव इंची आट्यात स्क्रू बसवून प्लेट लावतात. प्लेट धातूची घ्या. ती बॅटरीच्या दारावर येते का, हे दुकानातच दार उघडून बघा. लहान मिररलेस बॉडीवर बहुतेक वेळा येते, आणि मग सप्तपदीच्या मध्यावर बॅटरी संपली की प्लेट सोडवत बसावं लागतं. अर्का पद्धतीची, म्हणजे ट्रायपॉडच्या खाचेत थेट सरकून बसणारी, प्लेट असेल तर पट्टा न काढता कॅमेरा ट्रायपॉडवर चढतो. व्हिडिओसुद्धा करणाऱ्यांनी दुसरं काही घेऊच नये. आणि स्क्रू प्रत्येक ऑर्डरच्या आधी नाण्याने किंवा चावीने घट्ट करायचा. हात हलत राहतो तसा तो कणाकणाने सैल होत जातो, कळतही नाही.

चामडं की कापड, यावर खूप वाद होतात. मी सरळ सांगते, मुंबई-कोकणात काम करत असाल तर चामडं सांभाळणं कष्टाचं आहे. घामाने ते कडक होतं आणि पावसाळ्यात बंद बॅगेत राहिलं की बुरशी धरतं. त्याच बॅगेत लेन्स असतात हे विसरू नका. निओप्रीन मऊ असतं, पण घाम धरून ठेवतं. धुऊन सावलीत नीट वाळवलं नाही तर वास येतो. मला आतून जाळीदार कापड आणि बाहेरून नायलॉनची पट्टी हे सगळ्यांत बरं वाटतं. रंग काळाच घ्या. हळदीचा कार्यक्रम एकदा झाला की फिक्या पट्ट्याचं काय होतं ते सांगायला नको.

एक मर्यादाही सांगायला हवी. गर्दीत आणि उंचावर नुसत्या हँडस्ट्रॅपवर राहू नका. वारीत दिवे घाट चढताना, रिंगणाच्या कडेला रेटारेटी होते तेव्हा किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत, दोन्ही हात कधी लागतील सांगता येत नाही. तिथे कॅमेऱ्याला खांद्यावरून तिरका जाणारा पट्टाही हवा. दोन्ही एकत्र लावता येतात, वरच्या कडीत थोडी दाटी होते एवढंच.

आणि पट्टा हे औषध नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, मूठ मिटून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर ती वाढत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांना सूज असू शकते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असतील, मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. दोन्हींवर वेळेत उपचार होतात. हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, सीझन संपायची वाट बघू नका. मुलामुलींना हाताखाली घेणाऱ्या दादा-ताईंना माझी कळकळीची विनंती आहे. पोर हात झटकताना दिसली तर तिला सवयीचं सांगू नका, पाच मिनिटं तिचा कॅमेरा स्वतःकडे घ्या.

किंमत शेवटी लिहितेय, कारण तिथेच आपण अडतो. दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत पट्टे मिळतात. लाखाची लेन्स घेताना हप्ते बांधणारे आपण, हातासाठी हजार-दोन हजार काढताना विचार करतो. महागडाच घ्या असं मी म्हणत नाही. स्वस्तातही चांगला मिळतो. शिलाई दुहेरी आहे का, बक्कल धातूचं आहे का, गादी दाबल्यावर परत फुगते का, एवढं बघा. नवा पट्टा आधी घरी पलंगावर कॅमेरा धरून वापरा, लग्नात पहिल्यांदा लावू नका.

फोर्टातल्या बोरा बाजारापासून तालुक्याच्या ठिकाणापर्यंत कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानदारांनाही सांगणं आहे. पाकिटबंद पट्टे भिंतीवर टांगून ठेवू नका, प्रत्येक प्रकारचा एक तरी उघडून गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यावर लावून द्या. पंजावर चढवल्याशिवाय हा माल कळत नाही.

ज्यांचे पंजे लहान आहेत त्यांनी खाली लिहा. हात पूर्ण पसरल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती सेंटीमीटर भरतात, बॉडी कोणती आणि कोणता पट्टा नीट बसला. माझी वीत १७ सेंटीमीटरची आहे.