जन्मसाल जरा मागे घ्या

मुलांना इंटरनेटवर सुरक्षित ठेवायचंय ना? मग आधी त्यांची वजाबाकी पक्की करून घ्या. खातं उघडताना जन्मसालाचं चाक समोर येतं. ते अंगठ्याने फिरवायचं आणि चालू सालातून १३ वजा झाले की थांबायचं. आमच्या घरच्या नऊ वर्षांच्या गणितज्ञाने ते इतकं जोरात भिरकावलं की स्वारी थेट १९३१ सालात पोचली. अ‍ॅपने चकार शब्द न काढता आत घेतलं. आता त्याला गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती येतात.

हा १३ चा आकडा आला अमेरिकेच्या १९९८ सालच्या ‘कोपा’ (COPPA) या मुलांची ऑनलाइन माहिती जपणाऱ्या कायद्यातून. त्याहून लहान मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची संमती हवी. पण साइट खास मुलांसाठी नसेल, तर मूल लहान आहे हे कंपनीला ‘प्रत्यक्ष ठाऊक’ असलं तरच कायदा लागू! मग कोण कशाला चौकशा करत बसतंय? तुम्हीही घरात हेच धोरण ठेवा. रात्री बारा वाजता पांघरुणाखालून निळा उजेड दिसला, तरी पांघरूण उचलू नका. ठाऊक झालं की जबाबदारी आली.

भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ पूर्ण होईपर्यंत सगळी मुलंच. त्यांचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. चुकलात तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. आणि पालकांची संमती पडताळून घ्यायची. ती मागणारी चौकट फोनवर आली की वाचू नका हं, ‘मान्य’ दाबा. मूल शेजारी उभं राहून पाय आपटत असताना कुठला कायदा वाचून होतो?

ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना बड्या सोशल मीडियावर खातंच ठेवायला मनाई केली. तिथे दंड कंपनीला. पोरांना नाही, आईबापांनाही नाही. आता वय ओळखायला कॅमेऱ्यात तोंड दाखवायची सोय निघाली आहे. खासगीपण जपायचं तर आधी चेहरा द्यायला नको?

राहता राहिला वाढदिवस. फोटो टाकाच, सर्वांना दिसेल असा. पूर्ण नाव, अंगावर शाळेचा गणवेश आणि केकवरच्या नऊ मेणबत्त्या नीट मोजता आल्या पाहिजेत. पहिला लाइक १९३१ सालच्या त्या आजोबांचाच येईल.